कवटीतली छिद्रं: यादी नंतर, आधी हीर

कवटी हातात घेण्याआधी घरातल्या खराट्यातून सात-आठ हीर उपसून घ्या. माडाच्या झावळीचे, मुळाशी जाडसर आणि टोकाकडे निमुळते होत गेलेले. स्टीलचा प्रोब, विणायची सुई, दाभण यांतलं काही नको. कवटीच्या तळाची काही हाडं इतकी पातळ असतात की उजेडासमोर धरली तर पलीकडचा प्रकाश दिसतो. सुईने तिथे नवीनच भोक पडतं आणि ते परत बुजत नाही. हीर मात्र अडला की स्वतः वाकतो, हाडाला काही होत नाही.

मी ठाण्यात वाढले आणि एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीररचनाशास्त्र शिकवते. ऐरोली, घणसोली, दिव्याहून येणारी मुलं गाडीत उभ्या उभ्या याद्या पाठ करतात. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं, ‘फोरॅमेन स्पायनोसममधून (कवटीच्या तळातलं एक छिद्र) काय जातं?’ तर उत्तर तयार असतं, ‘मिडल मेनिंजियल आर्टरी.’ मग कवटी पुढे सरकवून म्हणायचं, ‘दाखव बघू.’ तिथे हात थांबतो. चूक मुलांची नाही. छिद्र हे नाव म्हणून शिकवलं जातं आणि नाव म्हणूनच लक्षात राहतं. खरं तर छिद्र म्हणजे वाट. ती कुठून निघते, कुठे उतरते आणि तिच्यातून कोण ये-जा करतं, हे एकदा हाताने कळलं की यादी वेगळी पाठ करावी लागत नाही. या लेखात तेवढंच करायचं आहे. दोन-तीन संध्याकाळी लागतील.

मांडामांड

एक जुनं मऊ लुगडं किंवा टॉवेल गुंडाळून चुंबळ करा, डोक्यावर हंडा घेताना करतात तशीच. कवटी तिच्यावर ठेवली की गडगडत नाही आणि हवी तशी कलती करता येते. मोबाइलचा टॉर्च हाताशी असू द्या. लोकरीचे तीन रंग घ्या: धमनीला लाल, शिरेला निळा, मज्जातंतूला पिवळा. हिराच्या जाड टोकाला रंगाप्रमाणे धागा बांधून ठेवा. बोलताना आपण सगळ्यालाच ‘नस’ म्हणतो. इथे ती सवय सोडावी लागेल, कारण एकाच छिद्रातून तिन्ही जाऊ शकतात.

कवटी वरची टोपी निघणारी हवी आणि खालचा जबडा सुटा हवा. प्लॅस्टिकची असेल तर विकत घेण्याआधी एक चाचणी करा. टॉर्च आत धरून खालून बघा. स्वस्त मॉडेलमध्ये बरीच छिद्रं नुसते खळगे असतात, आरपार नसतात. निदान फोरॅमेन ओव्हेल, स्पायनोसम, जुग्युलर फोरॅमेन आणि हायपोग्लॉसल कॅनॉल आरपार असतील तरच पैसे द्या.

खरी हाडं असतील तर ती कुणाची तरी आहेत. आपल्या राज्यात १९४९च्या अ‍ॅनॅटॉमी कायद्याखाली मृतदेह शिक्षणासाठी मिळतात आणि कितीतरी माणसं जिवंतपणीच देहदानाचा अर्ज भरून ठेवतात. त्यामुळे कवटी जमिनीवर ठेवायची नाही, तिच्यासोबत फोटो काढायचे नाहीत. उचलताना दोन्ही हात तळाखाली घ्यायचे. डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलायची नाही. खोबणीची आतली भिंत सगळ्यांत आधी फुटते. गालाच्या कमानीला धरूनही नाही, ती पहिल्या धक्क्यात मोडते.

आधी कवटी सरळ धरा

डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत आली की कवटी जिवंत माणसाच्या डोक्यासारखी उभी राहते. हनुवटी वर किंवा कपाळ पुढे झुकलेलं असेल तर ‘वर’, ‘खाली’, ‘मागे’ हे सगळे शब्द चुकतात.

उजव्या-डाव्याचा घोळ आत्ताच मिटवा. टोपी काढून वरून बघताना चेहरा तुमच्यापासून लांबच्या बाजूला ठेवलात, तर कवटीची उजवी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते. तीच कवटी उलटी करून, चेहरा पुन्हा लांबच ठेवून तळ बघितलात, तर उजवी बाजू डाव्या हाताला जाते. चुंबळीवर उजव्या अंगाला एक कागद ठेवा आणि कवटी उलटवली की तोही बाजू बदलून ठेवा. पहिल्या आठवड्यात एवढं कराच. मी विद्यार्थिनी असताना हे केलं नव्हतं आणि परीक्षेत डावा जुग्युलर फोरॅमेन उजवा म्हणून दाखवला होता.

दार, बोगदा, फट

फोरॅमेन म्हणजे दार: एका पावलात आतून बाहेर. कॅनॉल म्हणजे बोगदा. पारसिकच्या डोंगरातला रेल्वेचा बोगदा आठवा, १९१६ सालचा, सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा. कळव्याच्या बाजूने गाडी आत शिरते आणि मुंब्र्याच्या बाजूने बाहेर पडते. बोगद्याला दोन तोंडं असतात आणि एका तोंडाशी उभं राहिलं तर दुसरं दिसेलच असं नाही. फिशर म्हणजे फट, दोन हाडांमधली किंवा एकाच हाडाच्या दोन भागांमधली लांबट जागा. मिएटस म्हणजे आत जाणारी नळी. नाव वाचलं की आधी हे ठरवा, कारण त्यावरून हीर सरळ पलीकडे निघणार की मध्येच अडणार हे कळतं.

तीन पायऱ्या

टोपी काढून आत बघा. कवटीचा तळ सपाट नसतो. कोकणातल्या उतारावरच्या खाचरांसारख्या तीन पायऱ्या असतात: पुढची सर्वांत उंच, मधली तिच्या खाली, मागची सर्वांत खोल. पुढच्या आणि मधल्या पायरीमधली धारदार कड म्हणजे स्फेनॉइड, या तळाच्या मध्यातल्या पंखांसारख्या हाडाच्या, लहान पंखाची मागची किनार. मधल्या आणि मागच्या पायरीमधला तिरका बांध म्हणजे टेम्पोरल, या कानाजवळच्या हाडाचा, पेट्रस भाग. त्या बांधावरून बोट फिरवा. शरीरातल्या सर्वांत टणक हाडांपैकी ते एक, आणि कानाची आतली यंत्रणा त्याच्याच पोटात आहे.

बहुतेक पुस्तकं पुढच्या पायरीपासून सुरुवात करतात. मी मधल्या पायरीपासून करते, कारण तिथे चार छिद्रं एका ओळीत आहेत आणि ओळ एकदा डोळ्यांत बसली की विसरत नाही.

चंद्रकोर

स्फेनॉइडच्या मोठ्या पंखावर, मधोमध असलेल्या खोगिरासारख्या खळग्याच्या (सेला टर्सिकाच्या) बाजूला बघा. पुढून मागे आणि बाहेर वळत जाणारी चंद्रकोर दिसेल. पहिली लांबट फट सुपीरियर ऑर्बिटल फिशर. तिच्या खाली जरा मागे गोल फोरॅमेन रोटंडम. त्याच्या मागे-बाहेर मोठं, अंडाकृती फोरॅमेन ओव्हेल. आणि ओव्हेलच्या मागे-बाहेर, जेमतेम दोनेक मिलिमीटरचं फोरॅमेन स्पायनोसम. नावं वर्णनच करतात: रोटंडम गोल, ओव्हेल अंड्यासारखं. स्पायनोसम हे नाव त्याच्या लगत मागे खाली उतरणाऱ्या हाडाच्या काट्यावरून, म्हणजे स्पाइनवरून आलं. कवटी उलटी केली की तो काटा बोटाला लागतो. स्पायनोसम सापडत नसेल तर आधी काटा शोधा.

आता टॉर्च. एका हाताने तो आतून मधल्या पायरीवर धरा आणि कवटी कलती करून खालून बघा. ओव्हेल आणि स्पायनोसम लख्ख उजळतात. रोटंडम दिसत नाही. तो खाली उघडतच नाही, पुढे उघडतो. ही एक गोष्ट कळली की निम्मं काम झालं, कारण रोटंडम आणि ओव्हेल यांची अदलाबदल ही व्हायवातली सर्वांत नेहमीची चूक.

पेट्रस बांधाच्या आतल्या टोकाजवळ, वरच्या अंगाला एक उथळ दाब दिसतो. मेंदूतून निघणाऱ्या क्रमांक लावलेल्या मज्जातंतूंपैकी पाचव्याची, ट्रायजेमिनलची, गाठ तिथे बसते. तिथून तीन फांद्या पुढे निघतात आणि चंद्रकोरीतल्या पहिल्या तीन वाटांनी बाहेर पडतात. पिवळ्या धाग्याचे तीन हीर घ्या आणि एकेका फांदीबरोबर चाला.

मधली फांदी, मॅक्सिलरी, आधी घेऊ. तिची वाट हाडावर सगळ्यांत स्पष्ट दिसते. हीर रोटंडममधून पुढे सारा आणि कवटी बाजूने बघा. वरच्या जबड्याच्या मागे एक उभी चीर आहे, तिच्यातून आत डोकावलं की हिराचं टोक दिसतं. ही टेरिगोपॅलाटाइन फोसा, एक छोटी खोली. हीर इथेच थांबवा, जोर देऊ नका. मज्जातंतू इथून इन्फिरियर ऑर्बिटल फिशरमधून डोळ्याच्या खोबणीत येतो. खोबणीच्या तळावर एक चर दिसेल. दुसरा हीर त्या चरात मागून पुढे ठेवा. चर पुढे जाऊन झाकला जातो, बोगदा होतो, आणि हीर खोबणीच्या कडेखाली साधारण एक सेंटिमीटरवर गालावर बाहेर येतो. ते इन्फ्राऑर्बिटल फोरॅमेन. मेंदूच्या तळापासून गालाच्या त्वचेपर्यंतची सगळी वाट तुम्ही आत्ता हाताने चाललात. गालाचं हाड मोडलेल्या माणसाला वरचा ओठ आणि नाकाची कड बधिर का लागते, ते आता वेगळं सांगायला नको.

तिसरी फांदी, मँडिब्युलर, ओव्हेलमधून सरळ खाली उतरते. हीर घातला की कवटीच्या तळातून लोंबकळताना दिसतो. आता सुटा जबडा जागेवर बसवा. जबड्याच्या उभ्या भागाच्या आतल्या अंगाला एक छिद्र आहे आणि त्याच्या तोंडाशी हाडाची छोटी जीभ, लिंग्युला. हे मँडिब्युलर फोरॅमेन. खालची दाढ काढण्याआधी दंतवैद्य सुई जिथे नेतो ती हीच जागा, आणि म्हणून त्या बाजूचा अर्धा खालचा ओठ जड होतो. मज्जातंतू जबड्याच्या आत शिरतो, दातांच्या मुळांना फांद्या देत पुढे जातो आणि त्याचा उरलेला भाग मेंटल फोरॅमेनमधून हनुवटीवर बाहेर पडतो. त्या बोगद्यात पूर्ण लांबीचा हीर जाणार नाही. दोन्ही तोंडांत एकेक घाला.

मेंटल फोरॅमेनपाशी जरा थांबा. पहिल्या वर्षाला असताना नौपाड्यातल्या आमच्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर मी सीनियरकडून आणलेला हाडांचा संच मांडून बसायचे. आजीला तेव्हा नुकतीच कवळी बसवली होती. जेवताना ती खालच्या हिरडीवर एकाच ठिकाणी बोट ठेवून सांगायची, ‘इथे कळ येते गं, हनुवटीपर्यंत जाते.’ माझ्यासमोर दोन जबडे होते, एक तरुणाचा आणि एक दात पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचा. तरुण जबड्यात मेंटल फोरॅमेन वरच्या आणि खालच्या कडेच्या साधारण मध्यावर होतं. म्हाताऱ्या जबड्यात ते जवळजवळ वरच्या कडेवर आलेलं होतं. छिद्र चढलं नव्हतं. दात गेल्यावर दातांना धरणारं हाड झिजून खाली आलं होतं. आजीची कवळी बरोबर मज्जातंतूवर टेकत होती. दंतवैद्यांनी कवळीचा तेवढा भाग घासून दिला आणि कळ गेली. लहान बाळाच्या जबड्यात हेच छिद्र खालच्या कडेजवळ असतं. तिन्ही वयांचे जबडे शेजारी ठेवायची संधी मिळाली तर सोडू नका.

पहिली फांदी, ऑप्थॅल्मिक, सुपीरियर ऑर्बिटल फिशरमधून डोळ्याच्या खोबणीत जाते. तिचा एक भाग छताखालून पुढे येऊन भुवईखालच्या खाचेतून कपाळावर चढतो. ही सुप्राऑर्बिटल खाच. काहींच्यात ती हाडाने बंद होऊन छिद्र बनते.

आता कवटी बाजूला ठेवा आणि स्वतःच्या चेहऱ्यावर बोट न्या. नाकाच्या मध्यरेषेपासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर भुवईखाली खाच लागते. तिथून सरळ खाली, डोळ्याच्या कडेखाली गालावर दुसरी जागा. आणखी खाली, दुसऱ्या उपदाढेच्या खाली हनुवटीवर तिसरी. तिन्ही जवळपास एका उभ्या रेषेत येतात. ट्रायजेमिनलच्या तीन फांद्या तपासताना हात याच रेषेवर फिरतो.

ओव्हेलची आणखी एक वाट सांगते. ट्रायजेमिनल न्यूराल्जियात चेहऱ्यावर विजेसारखी कळ येते. काही रुग्णांत ओठाच्या कोपऱ्यापासून सुमारे तीन सेंटिमीटर बाहेर गालातून सुई घालतात आणि एक्स-रेच्या मदतीने ओव्हेलमधून थेट त्या गाठीपर्यंत नेतात. जबडा बसवलेल्या कवटीवर हीर तसाच न्या, कोन किती नेमका लागतो ते हाताला कळेल. ओव्हेलमधून मँडिब्युलरबरोबर अ‍ॅक्सेसरी मेनिंजियल धमनी, लेसर पेट्रोसल मज्जातंतू आणि एमिसरी शीर (कवटीच्या आतल्या-बाहेरच्या शिरांना जोडणारी) जातात. इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘मेल’ हा शब्द मुलांना आधीच पाठ असतो, तो आता खुशाल वापरा.

स्पायनोसम: सगळ्यांत लहान छिद्र, सगळ्यांत मोठी घाई

लाल धाग्याचा सर्वांत बारीक हीर खालून वर, स्पायनोसममधून घाला. रक्त याच दिशेने येतं, बाहेरून आत. आत बघा: छिद्रापासून एक खोलगट रेषा निघते, पुढे-बाहेर जाते आणि दोन फांद्यांत फुटते. नखाने ती रेषा चाचपा. मिडल मेनिंजियल धमनीने हाडावर उमटवलेला तो ठसा आहे. पुढची फांदी जिथे कवटीच्या बाजूच्या भिंतीवर चढते, तिथे बोट आतून ठेवा आणि अंगठा बाहेरून. अंगठ्याखाली चार हाडं एकत्र येतात: फ्रंटल, पॅरायटल, स्फेनॉइड, टेम्पोरल. ही टेरियन. टॉर्च आत धरला तर इथलं हाड किती पातळ आहे ते दिसतं. स्वतःच्या डोक्यावर गालाच्या कमानीच्या मध्यापासून साधारण चार सेंटिमीटर वर ही जागा येते.

घोडबंदर रोडवर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर दुचाकीवरून पडून कानशिलावर मार लागला, तर याच जागी हाड तडकतं आणि आत चिकटून असलेली धमनी फाटते. रक्त हाड आणि मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणाच्या मध्ये साठत जातं. धमनीचं रक्त दाबाने येतं, म्हणून साठा वाढत राहतो. फसवं असं की माणूस क्षणभर बेशुद्ध होऊन उठतो, बोलतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणून घरीही जातो. काही वेळाने डोकं ठणकतं, उलटी होते, गुंगी येते, एक बाहुली मोठी होते. यातलं काहीही दिसलं तर झोपू द्यायचं नाही, थांबायचं नाही, सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्यायचं. हे मी डॉक्टर होणाऱ्यांना सांगते तितक्याच आग्रहाने घरच्यांनाही सांगते. हेल्मेट ज्या भागाला सांभाळतं त्यात दोन मिलिमीटरच्या या छिद्रातून आलेली धमनी आहे.

फोरॅमेन लॅसरम आणि कॅरॉटिडचा बोगदा

ओव्हेलच्या आतल्या बाजूला वेडंवाकडं, फाटल्यासारखं छिद्र दिसतं, लॅसरम. मुलं त्यात बोटाएवढा हीर घालून म्हणतात, ‘इंटर्नल कॅरॉटिड इथून जाते.’ ती इथून आरपार जात नाही. जिवंतपणी लॅसरमचं खालचं तोंड कूर्चेने बुजलेलं असतं. कॅरॉटिड धमनी खालून वेगळ्या दाराने आत येते आणि लॅसरमच्या वरच्या भागावरून पुढे निघून जाते, जशी जलद गाडी छोट्या स्टेशनावरून न थांबता जाते.

ते वेगळं दार खालून शोधा. पेट्रस भागाच्या तळावर, जुग्युलर फोरॅमेनच्या अगदी पुढे गोल तोंड आहे, कॅरॉटिड कॅनॉल. हीर घाला: थोडा वर जातो आणि अडतो. ढकलू नका. बोगदा तिथे काटकोनात वळून पुढे आणि मध्याकडे जातो. दुसरा हीर लॅसरमच्या बाजूने उलटा घाला, तो त्याच वळणावर येऊन अडेल. दोन हीर जिथे भेटत नाहीत तिथे वळण आहे, असं वहीत चित्र काढा. याच वळणामुळे धमनी मधल्या कानाच्या अगदी शेजारून जाते, पातळ हाडाच्या पडद्याआड.

डोळ्याच्या खोबणीचं टोक

चेहरा स्वतःकडे करून खोबणीत टॉर्च मारा. खोल टोकाशी दोन तोंडं: आतल्या बाजूला वर गोल ऑप्टिक कॅनॉल आणि त्याच्या बाहेर तिरकी सुपीरियर ऑर्बिटल फिशर. ऑप्टिक कॅनॉलमधून दृष्टीचा मज्जातंतू आणि ऑप्थॅल्मिक धमनी जातात. दोन्ही डोळ्यांतून एकेक हीर या कॅनॉलमधून मागे सारा. ते मागे जाताना एकमेकांकडे झुकतात, सेला टर्सिकाच्या पुढच्या भागाकडे. दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू जिथे अर्धेअर्धे ओलांडतात तो कायाझम याच भागात, सेलाच्या वर असतो. सेलात बसणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ वाढली की दृष्टीच्या बाहेरच्या कडा का जातात, ते हिरांच्या रोखावरून कळतं.

फिशरमधली गर्दी मोठी आहे आणि ती एका कंडरेच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) कड्याने दोन भागांत वाटली जाते. झिन नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचं हे कडं. त्याच्याच नावावरून लिनियसने झिनिया फुलाला नाव दिलं; आपल्याकडे गॅलरीतल्या कुंड्यांत असतं तेच. कड्याच्या बाहेरून लॅक्रिमल, फ्रंटल आणि ट्रॉक्लियर हे मज्जातंतू. कड्याच्या आतून ऑक्युलोमोटरच्या दोन फांद्या, नेझोसिलियरी आणि अ‍ॅब्ड्युसेन्ट. हे हाडावर दिसत नाही, म्हणून झिनियाचं फूल काढून त्याच्या आत-बाहेर नावं लिहा.

मागची पायरी: वरून खाली मोजा

पेट्रस बांधाच्या मागच्या उतारावर एक स्वच्छ गोल तोंड आहे, इंटर्नल अकूस्टिक मिएटस. त्याच्या सरळ खाली जुग्युलर फोरॅमेन. त्याच्या खाली-आत, फोरॅमेन मॅग्नमच्या (तळातल्या सर्वांत मोठ्या छिद्राच्या) कडेच्या जाडीत लपलेला हायपोग्लॉसल कॅनॉल. आता मज्जातंतूंचे क्रमांक लावा: सात-आठ, मग नऊ-दहा-अकरा, मग बारा. वरून खाली सरळ मोजणी. इतकी सोपी रचना दुसरीकडे कुठे नाही.

हायपोग्लॉसल कॅनॉल वरून बघून सापडत नाही. कवटी कलती करून फोरॅमेन मॅग्नमच्या पुढच्या-बाजूच्या भिंतीत, काँडाइलच्या (पहिल्या मणक्यावर टेकणाऱ्या उंचवट्याच्या) वर बघा आणि हीर आतून बाहेर तिरका घाला. काँडाइलच्या मागे आणखी एक भोक असू शकतं, पण ते शिरेचं, आणि सगळ्यांत नसतं.

सातवा मज्जातंतू, फेशियल, मिएटसमध्ये शिरतो आणि कानाच्या हाडात वळणं घेत स्टायलोमॅस्टॉइड फोरॅमेनमधून बाहेर पडतो. ते बाहेरचं तोंड खालून शोधा: पुढे सुईसारखा स्टायलॉइड, मागे कानामागचा मॅस्टॉइड उंचवटा, त्यांच्या बरोबर मध्ये. इथेही दोन्ही तोंडांत एकेक हीर. बेल्स पाल्सीत चेहऱ्याची एक बाजू अचानक सैल पडते, डोळा मिटत नाही, चहा ओठातून गळतो. मज्जातंतू याच अरुंद हाडी वाटेत सुजतो आणि त्याला फुगायला जागा नसते. म्हणूनच पहिल्या ७२ तासांत डॉक्टरांकडे जाणं महत्त्वाचं. स्टेरॉइडचा उपयोग लवकर सुरू केल्यास होतो. मात्र हात-पायही लुळे पडत असतील, बोलणं अडखळत असेल, तर तो पक्षाघात समजून तातडीने रुग्णालय गाठायचं. नवजात बाळात मॅस्टॉइड उंचवटा वाढलेलाच नसतो, मज्जातंतू उघड्यावर असतो, त्यामुळे चिमटा लावून केलेल्या बाळंतपणात त्याला इजा होऊ शकते.

दोन्ही जुग्युलर फोरॅमेन शेजारी ठेवून बघा. बहुतेक कवट्यांत उजवं मोठं असतं, कारण डोक्याच्या मध्यावरून मागे येणारी मोठी शीर बहुधा उजवीकडे वळते. टोपीच्या आतल्या खोल रेषेपासून मागे, मग बाजूला, मग एस आकाराने खाली असा चर बोटाने चाचपत या छिद्रापर्यंत या. अकराव्या मज्जातंतूची वाट विलक्षण आहे: त्याची मणक्यातली मुळं फोरॅमेन मॅग्नममधून वर चढतात आणि जुग्युलरमधून पुन्हा खाली उतरतात. एका हिराला मधोमध हळू वाकवून ही चढ-उतार दाखवता येते.

फोरॅमेन मॅग्नम शोधावं लागत नाही. लांबी सुमारे ३५ मिलिमीटर, रुंदी थोडी कमी. मेंदूचा खालचा भाग, त्याची आवरणं, दोन व्हर्टिब्रल धमन्या आणि त्या अकराव्याची मुळं. डोक्यातला दाब फार वाढला की लहान मेंदूचा खालचा भाग याच दारात सरकतो आणि श्वास चालवणाऱ्या केंद्रांवर दाब येतो. कमरेतून पाणी काढण्याआधी डॉक्टर दाब वाढल्याची लक्षणं तपासतात, ते यासाठीच.

उरलेली, थोडक्यात

पुढच्या पायरीच्या मध्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखा उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चाळणी. वासाच्या मज्जातंतूंचे बारीक धागे तिच्यातून वर येतात. इथे हीर घालू नका, टॉर्चच पुरे. डोक्याला मार लागल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ काही गळू लागलं तर ही चाळणी तडकल्याची शक्यता असते. नाक शिंकरायचं नाही, बोळा कोंबायचा नाही.

टाळूवर मागच्या दाढेच्या आतल्या बाजूला ग्रेटर पॅलाटाइन फोरॅमेन, समोरच्या दातांमागे इन्सिसिव्ह. टोपीवर मागच्या भागात मध्यरेषेच्या शेजारी पॅरायटल छिद्रं आणि कानामागे मॅस्टॉइड छिद्र. दोन्ही एमिसरी शिरांची, म्हणजे डोक्याच्या त्वचेतला संसर्ग आत नेऊ शकणारी. त्यांची संख्या बदलते. ओव्हेलच्या आतल्या बाजूला कधीकधी एक जादा भोक दिसतं, त्याला १५४३ साली शरीररचनेचा महाग्रंथ छापणाऱ्या व्हेसेलियसचं नाव आहे. तुमच्या कवटीत ते नसेल तर कवटी बिघडलेली नाही.

व्हायवाच्या आदल्या रात्री

वही बंद करा. डोळे मिटून कवटी हातात घ्या आणि काटा, चंद्रकोरीची दिशा, स्टायलॉइड व मॅस्टॉइड यांच्यामधली खाच, हे बोटांनी ओळखा. मग डोळे उघडून मागची पायरी सात ते बारा मोजा. परीक्षक विचारतील तेव्हा आधी कवटी सरळ धरा, बाजू सांगा, हीर घाला, आणि मगच नाव घ्या. वाटेचं आतलं तोंड, बाहेरचं तोंड आणि जाणाऱ्यांची नावं याच क्रमाने बोला.

हीर ज्या बाजूने घातले त्याच बाजूने काढा आणि काढताना मोजा. तुटलेलं टोक आत राहिलं तर मऊ ब्रशने सोडवा, फुंकर मारू नका. हाड ओल्या फडक्याने पुसायचं नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात बंद डब्यात हाडांवर बुरशी धरते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून एकदा डबा उघडा, कवटी चुंबळीवर ठेवून पंख्याखाली सावलीत तासभर सुकवा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. जबडा वेगळ्या कापडात गुंडाळा, कवटीखाली चुंबळ तशीच राहू द्या.